साठ मिनिटांची फीत चाळीस मिनिटांत का संपते?

दोन कॅसेटी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. दोन्ही काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या. ६६ मिलिमीटर लांब, ४८ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड. दोन्हींच्या पोटात पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, रुंदीची काळसर चकचकीत फीत गुंडाळलेली आहे. एकीवर 'मिनी डीव्ही' असे छापले आहे, दुसरीवर 'डीव्हीकॅम'. पहिलीवर ६० मिनिटांचा आकडा आहे, दुसरीवर ४० चा. आतील फीत बाहेर काढून मोजली (खरोखर तसे करू नका!), तर दोन्हींत ती जवळजवळ सारखीच भरते, ६८ मीटरांच्या आसपास. गंमत पुढेच आहे. साठ मिनिटांची कॅसेट डीव्हीकॅम पद्धतीच्या कॅमेऱ्यात घातली, तर तीही चाळीस मिनिटांतच संपते. फीत तीच, चित्रही तेवढेच स्पष्ट. मग वीस मिनिटे जातात कुठे?

हे नुसते कोडे नाही. साधारणपणे १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांत आपल्याकडे जे चित्रित झाले, त्यातील पुष्कळसे या पाव इंची फितीवर आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील छायाचित्रकारांनी केलेली लग्नांची चित्रणे, शाळांची स्नेहसंमेलने, सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा, दंडार आणि खडी गंमत, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, असे कितीतरी. अल्फा टीव्ही मराठी १९९९ मध्ये आणि ई टीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून बातम्यांसाठीही जिल्ह्याजिल्ह्यांतून चित्रणाची मागणी वाढली. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भाकडे देशाचे लक्ष वेधले गेले आणि पंतप्रधान मनमोहन सिंग आपल्या जिल्ह्यातील वायफडला आले, त्या वेळी बातमीचे कॅमेरे बहुतेक फितीवरच चालत. लहान गावात चित्रण करणारा माणूस एकच असे. सकाळी लग्न आणि दुपारी बातमी! त्यामुळे घरगुती फीत व्यावसायिक यंत्रात चालते की नाही, हा प्रश्न मोठ्या शहरातल्या स्टुडिओपेक्षा त्याला अधिक जवळचा होता.

आज त्या कॅसेटी कपाटात आहेत आणि त्या चालवणारी यंत्रे एकामागून एक बंद पडत आहेत. कॅसेट हाती आली की पहिला प्रश्न असतो, ही कोणत्या यंत्रात चालेल? त्याचे उत्तर कॅसेटीवरच्या छापील नावात पूर्णपणे सापडत नाही. फितीवर चित्र लिहिले कसे जाते, हे समजून घ्यावे लागते.

आधी थोडा इतिहास. पूर्वी घरातला व्हिडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रातला व्हिडिओ यांचा एकमेकांशी काही संबंध नसे. घरी व्हीएचएस (१९७६), केंद्रात बीटाकॅम (१९८२). दोन्हींची फीत अर्धा इंच रुंदीची, पण लिहिण्याची रीत इतकी निराळी की एकाची फीत दुसऱ्याला कधीच वाचता आली नाही. १९९० नंतर चित्राचे आकड्यांत रूपांतर करून ते फितीवर नोंदवायचे, असा विचार घरगुती कॅमेऱ्यांसाठीही सुरू झाला. पन्नासहून अधिक कंपन्यांनी एकत्र बसून एक सामाईक पद्धत ठरवली, तिचे नाव डीव्ही. १९९५ मध्ये असे कॅमेरे बाजारात आले. ही घरगुती पद्धत इतकी चांगली निघाली की व्यावसायिकांनाही तिचा मोह पडला. पॅनासॉनिकने त्याच सुमारास तिच्यावरून डीव्हीसीप्रो ही पद्धत तयार केली आणि सोनीने १९९६ मध्ये डीव्हीकॅम. म्हणजे या तिघी सख्ख्या बहिणी. घर एक, पण संसार वेगळे मांडलेले.

आता चित्राकडे वळू. भारतात दूरचित्रवाणीसाठी पाल ही पद्धत वापरली गेली. तिच्यात सेकंदाला २५ चित्रे दाखवतात. डीव्ही पद्धतीत अशा प्रत्येक चित्राचे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके पाडतात. म्हणजे एका चित्रात ४,१४,७२० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा उजेड आणि रंग आकड्यांत लिहायचा, तर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास बिट होतात. (बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक खूण.) एवढ्या खुणा त्या बारक्या फितीवर मावणे अवघड. म्हणून प्रत्येक चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील गाळून, ते सुमारे पाचपटीने आटवतात. उरतात सेकंदाला अडीच कोटी बिट. त्यांत आवाज, वेळेची नोंद आणि चुका दुरुस्त करण्यासाठी मुद्दाम घातलेल्या जादा खुणा मिळवल्या, की फितीवर प्रत्यक्ष लिहायचा ऐवज होतो सेकंदाला ४ कोटी १८ लाख ५० हजार बिट.

एक बिट फितीवर सुमारे पाव मायक्रॉन लांबीची जागा घेतो. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) गुणाकार केला तर दिसते, की लिहिणाऱ्या हेडखालून फीत सेकंदाला दहा मीटरांहून अधिक वेगाने सरकली पाहिजे. ती सरळ ओढत नेली तर एका तासाच्या चित्रणाला ३६ ते ३७ किलोमीटर फीत लागेल! वर्ध्याहून सोडलेले टोक हिंगणघाटच्या जवळपास पोचेल. प्रत्यक्षात कॅसेटीत ६८ मीटरच असते. हा चमत्कार होतो तो हेड फिरते ठेवल्यामुळे.

कॅमेऱ्यात २१.७ मिलिमीटर व्यासाचा एक गुळगुळीत ड्रम मिनिटाला ९,००० फेऱ्या करतो, म्हणजे सेकंदाला १५०. त्याच्या कडेला समोरासमोर दोन हेड बसवलेले असतात. ड्रमचा परीघ गुणिले १५० केले की हेडचा वेग मिळतो सेकंदाला १०.२ मीटर. फीत मात्र शांतपणे, सेकंदाला जेमतेम १९ मिलिमीटर, पुढे सरकत असते. ती ड्रमभोवती साधारण अर्धा वेढा घेते, पण सरळ नव्हे, किंचित तिरपी. त्यामुळे हेड फितीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे तिरपी रेघ ओढत जाते. इंग्रजीत हिला ट्रॅक म्हणतात, आपण रेघच म्हणू. ही रेघ सुमारे ३३ मिलिमीटर लांब असते आणि फितीच्या लांबीशी सुमारे ९.१७ अंशांचा कोन करते. दोन हेड, १५० फेऱ्या. म्हणजे सेकंदाला ३०० रेघा. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका चित्राला बरोबर १२ रेघा येतात.

हे डोळ्यांपुढे येत नसेल तर एक सोपा प्रयोग करा. चहाचा किंवा बिस्किटांचा एखादा गोल डबा घ्या. दोन बोटे रुंदीची कागदाची लांब पट्टी त्याच्याभोवती अर्धा वेढा येईल अशी तिरपी गुंडाळून धरा. डबा टेबलावर उभा ठेवून पेन्सिलचे टोक पुस्तकांच्या ढिगावर एकाच उंचीवर टेकवा आणि डबा फिरवा. पट्टीवर रेघ उमटेल. पट्टी सोडवून सरळ करा. रेघ तिरपी झालेली दिसेल. आता पट्टी पुन्हा त्याच तिरकेपणाने गुंडाळून, पण थोडी पुढे सरकवून, दुसरी रेघ काढा. पहिलीला समांतर रेघ मिळेल. पट्टी जितकी अधिक सरकवाल तितकी रेघांमधली जागा वाढेल. एवढा प्रयोग नीट केलात तर तिन्ही पद्धतींचे मर्म तुमच्या हाती आले.

ते आकड्यांत पाहू. डीव्ही पद्धतीत फितीचा वेग सेकंदाला १८.८ मिलिमीटर. तेवढ्यात ३०० रेघा. म्हणजे एका रेघेच्या वेळात फीत सरकते ६२.७ मायक्रॉन. पण रेघ तिरपी आहे, म्हणून दोन रेघांतले काटकोनात मोजलेले अंतर काढण्यासाठी ९.१७ अंशांच्या साइनने, म्हणजे ०.१५९ ने, गुणले पाहिजे. उत्तर येते १० मायक्रॉन. डीव्हीच्या रेघेची रुंदी नेमकी एवढीच असते! माणसाचा केस ७० मायक्रॉन धरला, तर त्याच्या जाडीत अशा सात रेघा मावतील.

आता डीव्हीकॅम. ड्रम तोच, फेऱ्या त्याच, कोन तोच. फक्त फीत ओढण्याचा वेग दीडपट, सेकंदाला २८.२ मिलिमीटर. वरचेच गणित करा; रेघेची रुंदी येईल १५ मायक्रॉन. डीव्हीसीप्रोचा वेग ३३.८ मिलिमीटर, म्हणून रेघ १८ मायक्रॉनची. आणि कोडे सुटले. फीत दीडपट वेगाने संपते, म्हणून ६० मिनिटे भागिले दीड, बरोबर ४० मिनिटे. वीस मिनिटे हरवलेली नाहीत. ती रेघा रुंद करण्यात खर्ची पडली. एकाच मजकुराला अरुंद ओळींची वही घेतली काय आणि रुंद ओळींची घेतली काय, अक्षरे तेवढीच. पाने मात्र जास्त लागतात.

घरगुती कॅमेऱ्यांत 'एलपी' नावाचे एक बटण असे. ते दाबले की फीत सेकंदाला सुमारे १२.६ मिलिमीटर वेगाने सरके आणि ६० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटे पुरे. रेघेची रुंदी किती झाली असेल, हे शिक्षकांनी वर्गात काढून घ्यावे. उत्तर पावणेसात मायक्रॉनच्या आत येते. ही बचत माझ्या मते फार महागाची होती. तिचे कारण आता येईलच.

चित्र तेवढेच असताना व्यावसायिकांनी जादा फीत का खर्चावी? रेघ फितीवर एका यंत्राने ओढलेली असते आणि पुष्कळदा वाचायची असते दुसऱ्या यंत्राने. दोन यंत्रांचे ड्रम, फीत ताणणाऱ्या चाकांची जागा, यांत सूक्ष्म फरक असतोच. शिवाय फीत स्वतःही बदलते. तिचा पाया प्लॅस्टिकचा, अवघ्या ७ मायक्रॉनच्या आसपास जाडीचा. हवेत दमटपणा वाढला की तो किंचित फुगतो. आर्द्रता एक टक्क्याने वाढली तर लाखात जास्तीत जास्त एक भाग, असे ढोबळ प्रमाण धरा. वर्ध्याचा मे महिना आठवा. पारा ४५ अंशांच्या पुढे आणि हवा खडखडीत कोरडी. त्या हवेत लग्नाचे चित्रण झाले आणि श्रावणातल्या झडीत ती कॅसेट पाहायला काढली, तर आर्द्रतेत सहज ६० टक्क्यांचा फरक पडतो. रेघांनी व्यापलेली फितीची रुंदी आहे सुमारे ५.२ मिलिमीटर. लाखात साठ भाग म्हणजे तीन मायक्रॉन! रेघेचे एक टोक हेडखाली नीट आले तर दुसरे टोक तेवढे सरकलेले. १८ मायक्रॉनच्या रेघेला हा सहावा हिस्सा, १० मायक्रॉनच्या रेघेला जवळजवळ तिसरा आणि एलपीच्या रेघेला तर निम्म्याला टेकणारा. एलपीवर घेतलेली कॅसेट ज्या कॅमेऱ्याने घेतली त्याच कॅमेऱ्यात धडपणे चाले आणि शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात चित्राचे चौकोनी तुकडे पडत, ते यामुळेच.

बातमीच्या धंद्यात कॅसेट वर्ध्याच्या कॅमेऱ्यातून निघून एस.टी.ने किंवा रेल्वेने नागपूरला जाई आणि तिथल्या यंत्रात घातली जाई. तिथे पुन्हा तीच जागा दहादा मागेपुढे करून संपादन होई. अशा कामाला रुंद रेघ हवीच. डीव्हीसीप्रोने तर आणखी काळजी घेतली. घरगुती डीव्ही फितीवर निर्वातात धातूची वाफ बसवून केलेला, मायक्रॉनच्या काही दशांशांइतका पातळ चुंबकीय थर असे; डीव्हीसीप्रोने धातूच्या सूक्ष्म कणांचा जाड, काटक थर निवडला. फितीच्या कडांना एक नियंत्रणाची आणि एक आवाजाची अशा दोन सरळ रेघाही ठेवल्या, म्हणजे फीत जोरात पळवतानाही यंत्राला ठिकाण कळावे.

यावर चौकस विद्यार्थी विचारील, की दोन रेघांमध्ये मोकळी जागाच दिसत नाही. मग १५ किंवा १८ मायक्रॉन रुंदीचे हेड १० मायक्रॉनच्या रेघेवरून गेले, तर त्याला शेजारच्या रेघाही ऐकू येणार नाहीत काय? प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग आहे.

हेडमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. लिहिणे आणि वाचणे त्या फटीतूनच होते. ड्रमवरच्या दोन हेडांपैकी एकाची फट रेघेच्या काटकोनापासून २० अंश एका बाजूला झुकवलेली, दुसऱ्याची २० अंश उलट बाजूला. म्हणजे शेजारच्या दोन रेघांतील खुणा एकमेकींशी ४० अंशांचा कोन करून पडतात, गव्हाच्या ओंबीवरचे दाणे डावी-उजवीकडे कललेले असतात तशा. आता पहिले हेड चुकून दुसऱ्याच्या रेघेवर आले तर काय होईल? त्याची फट तिथल्या खुणांना ४० अंशांनी तिरपी. १० मायक्रॉन रुंदीत फटीचे एक टोक दुसऱ्याच्या पुढे किती जाईल? १० गुणिले २० अंशांचा टॅन, आणि फट व खुणा उलट बाजूंना कललेल्या म्हणून त्याची दुप्पट, म्हणजे ७.३ मायक्रॉन. फितीवरच्या सर्वांत दाट खुणांची तरंगलांबी आहे ०.४९ मायक्रॉन. (हेडचा वेग सेकंदाला १०.२ मीटर, त्याला सर्वांत मोठ्या वारंवारतेने, सुमारे २ कोटी ९ लाख हर्ट्‌झने, भागून पाहा.) म्हणजे एकाच क्षणी फटीखाली जवळजवळ पंधरा तरंग आडवे पसरलेले. पंधरा उंचवटे आणि पंधरा खोलगे यांची बेरीज जवळजवळ शून्य! शेजारच्या रेघेचा कलकलाट हेडच्या कानी पडतो, पण आपापसांत खोडला जातो. स्वतःच्या रेघेतील खुणा मात्र फटीला समांतर असल्याने खणखणीत ऐकू येतात.

यामुळे रुंद हेडला अरुंद रेघ वाचता येते. फीत ओढण्याचा वेग कमी केला आणि हेड रेघेच्या मध्यावर धरून ठेवण्याची सोय केली, की झाले. व्यावसायिक यंत्रांत ही सोय असे. सोनीच्या डीव्हीकॅम यंत्रांत घरगुती मिनी डीव्ही कॅसेट सरळ घालता येई. पॅनासॉनिकच्या डीव्हीसीप्रो यंत्रांत कॅसेटीचा आकार निराळा असल्यामुळे छोटी कॅसेट एका पोकळ साच्यात, अडॅप्टरमध्ये, बसवून घालावी लागे; मग कित्येक यंत्रे डीव्ही आणि डीव्हीकॅम दोन्ही वाचत. सोनीच्या काही महागड्या यंत्रांत डीव्हीसीप्रोही चाले. उलट दिशेने मात्र रस्ता अरुंद. घरगुती कॅमेऱ्यात फीत जोरात ओढण्याची व्यवस्था सहसा ठेवलीच नव्हती. त्यात भौतिकशास्त्राची अडचण नव्हती. दोन बाजारपेठा वेगळ्या राखण्याचा व्यापारी हिशोब होता, असे मला वाटते. याला पुरावा असा, की सोनीच्या काही घरगुती कॅमेऱ्यांत डीव्हीकॅमची कॅसेट घातली तर ती चालत असे!

इथवर वाचून वाटेल, की तिन्ही वह्यांतला मजकूर एकच, ओळींची रुंदी तेवढी निराळी. अमेरिका आणि जपान यांच्यापुरते ते खरे आहे. आपल्याकडे मात्र एक गुंता होता, आणि तो रंगाचा.

माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारकाईने कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून डीव्ही पद्धतीत उजेड सर्व ठिपक्यांचा नोंदवतात, पण रंग चारांतून एकाचाच. हा चौथा हिस्सा दोन रीतींनी निवडता येतो. आडवे निम्मे आणि उभे निम्मे घेतले तर रंगाचे ठिपके होतात ३६० × २८८. आडवे चौथाई घेऊन उभे सर्व ठेवले तर १८० × ५७६. गुणाकार करा, दोन्ही वेळा १,०३,६८० च येतील. अमेरिकी पद्धतीत तिन्ही बहिणींनी दुसरी रीत घेतली. पाल देशांसाठी मात्र डीव्ही आणि डीव्हीकॅम यांनी पहिली रीत पत्करली आणि डीव्हीसीप्रो दुसऱ्या रीतीलाच चिकटून राहिली. प्रत्येक रीत स्वतंत्रपणे चांगली आहे. अडचण येते ती एकीतून दुसरीत नक्कल करताना. पहिल्या चाळणीने उभे निम्मे ठिपके गाळले, दुसरीने आडवे आणखी निम्मे. उरले १८० × २८८, म्हणजे पहिल्याच्या अर्धे. लाल शालूची कड, हळदीचा पिवळा रंग अशा ठिकाणी हा ऱ्हास डोळ्याला दिसतो. डीव्ही आणि डीव्हीकॅम यांच्यात मात्र असे काही घडत नाही. एकीतले आकडे दुसरीत जसेच्या तसे उतरतात. शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच. व्हीएचएसची नक्कल पाहिलेल्या माणसाला हे प्रथम खरे वाटत नसे.

तेव्हा जुनी कॅसेट हाती आली तर काय करावे? पहिली गोष्ट, तिच्या पाठीवरची बारीक सरकपट्टी 'सेव्ह' या खुणेकडे सरकवावी, म्हणजे चुकून वर दुसरे काही नोंदले जाणार नाही. कॅसेट कूलरच्या खोलीत ठेवू नये. आपल्याकडचा वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खोली थंड करतो तो हवेत पाणी घालूनच, आणि फितीला बुरशी लागण्यास एवढे पुरते. थंड खोलीतला कॅमेरा दमट हवेत आणला की गार पाण्याच्या तांब्यावर जमतात तसे थेंब ड्रमवर जमतात आणि ओली फीत ड्रमला चिकटते. यंत्रावर 'ड्यू' असा शब्द उमटला तर तासभर थांबावे. यंत्र आपल्या भल्यासाठीच अडून बसलेले असते.

नक्कल करताना पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांचा मोह टाळावा. त्या तारांतून आकडे जात नाहीत, आकड्यांपासून पुन्हा बनवलेले चित्र जाते, आणि संगणक त्याचे परत आकडे करतो. फायरवायर नावाची जी तार १९९५ मध्येच प्रमाणित झाली, तिच्यातून फितीवरच्या बिटांचा प्रवाह तसाच संगणकात उतरतो. एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. आजच्या हिशोबाने ती काहीच नाही. अडचण आहे ती तारेची आणि यंत्राची. नव्या संगणकांतून फायरवायरचे भोक गेले. ॲपलने २०२५ च्या आपल्या मॅक प्रणालीतून तिचा आधारही काढून टाकला. युनेस्कोने २०१९ मध्ये ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या साहाय्याने जगभरच्या चुंबकीय फितींबद्दल इशारा देणारा प्रकल्प हाती घेतला, त्याचे कारणही हेच होते: फीत टिकेल, पण ती वाचणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस मिळणार नाही. म्हणून एखाद्या जुन्या स्टुडिओत चालू स्थितीतले डीव्हीकॅम यंत्र असेल, तर ते भंगारात जाण्यापूर्वी गावच्या सगळ्या कॅसेटी त्यातून उतरवून घेणे शहाणपणाचे. शाळेने ते काम मनावर घेतले तर एका सुट्टीत होण्यासारखे आहे. डीव्हीसीप्रोच्या कॅसेटी वेगळ्या काढून त्यांच्यासाठी डीव्हीसीप्रोचेच यंत्र शोधावे.

आणि छापील नावावर विसंबू नये. २००३ मध्ये आलेला सोनीचा पीडी-१७० हा कॅमेरा लग्नाचे चित्रण करणाऱ्यांत फार चालला. त्यात डीव्ही आणि डीव्हीकॅम या दोन्ही पद्धती होत्या, आणि कोणती घ्यायची हे यादीतून निवडता येई. त्यामुळे 'मिनी डीव्ही' छापलेल्या कॅसेटीत डीव्हीकॅमची नोंद असू शकते आणि उलटही. एकाच कॅसेटीत हळदीचा समारंभ एका पद्धतीत आणि लग्न दुसऱ्या पद्धतीत, असेही घडते. घरगुती कॅमेऱ्यात मग अर्धी कॅसेट दिसते आणि पुढे पडदा निळा होतो. निळा पडदा दिसला म्हणून फीत कोरी आहे असे समजू नये. ती त्याच जागेपासून डीव्हीकॅम यंत्रात घालून पाहावी.